उन्हाळ्यात खारीची शिकार: गोचिडांच्या मोसमात रानात शिरावं का?

ओझार्कवासी (धागाकर्ता)

मिसूरीत खारीचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी उघडतो आणि १५ फेब्रुवारीला संपतो. दिवसाला दहा खारींची मर्यादा आहे. पण इथल्या जुन्या शिकाऱ्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "पहिला फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडू दे, मग बघू." उन्हाळ्यात रानात घाम, डास आणि गोचीड याशिवाय काही नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

मी अकरा वर्षांपूर्वी इथे आलो. परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, पण खरी शिकार शिकवली ती शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी, तुतीच्या झाडाखाली बसवून. जूनमध्ये तुती पिकते आणि करड्या खारी, तांबूस फॉक्स स्क्विरल, दोन्ही तिथे येतात. उजाडायच्या आत जाऊन खोडाला पाठ टेकून बसायचं. पानं इतकी दाट असतात की खार सहसा दिसतच नाही. फांदी हलते, पानावरचं दव टपटपतं, त्यावरून अंदाज घ्यायचा. ऑगस्टमध्ये ती हिकरीची (अक्रोडाच्या कुळातलं झाड) फळं कुरतडते तेव्हा टरफलांचा चुरा खालच्या पानांवर पावसासारखा पडतो. तो आवाज ओळखता आला पाहिजे. पानगळीनंतर उघड्या फांदीवर बसलेली खार शोधायला एवढं लक्ष लागत नाही. कान तयार होतात ते उन्हाळ्यातच.

आता किड्यांचं. पँट, मोजे आणि बूट यांवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशीच फवारून अंगणात वाळवतो. ते कपड्यांवर, कातडीवर कधीच नाही. मान आणि हातांना २० टक्के पिकारिडिन, हे किडे पळवणारं औषध. डीट हे तसंच दुसरं औषध वापरत नाही, कारण त्याने प्लॅस्टिक विरघळतं आणि बंदुकीच्या दस्त्याचं पॉलिश जातं. पँट मोज्यात खोचलेली. वारा पडलेला असेल तर गॅसवर तापणारं डास पळवायचं यंत्र शेजारी. घरी आल्यावर कपडे धुवायच्या आधी दहा मिनिटं कडक गरम ड्रायरमध्ये आणि मी थेट आंघोळीला.

मांसाची काळजी मात्र थंडीपेक्षा जास्त घ्यावी लागते. खार पडली की तिथल्या तिथे पोट साफ करायचं आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचं. नऊच्या आत घरी. वसंतात जन्मलेल्या कोवळ्या खारीचं मांस भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात अर्ध्या तासात शिजतं. डिसेंबरातल्या निबर खारीला दोन तास द्यावे लागतात.

एवढी शिस्त पाळली तर उन्हाळा टाळायचं कारण मला दिसत नाही. तुमचं काय मत?

पानगळ

मी इंडियानात असतो. पूर्ण असहमत, आणि माझ्या विरोधाचं पहिलं कारण गोचीड नाही.

आमच्याकडे हंगाम १५ ऑगस्टला उघडतो. सहा वर्षांपूर्वी पहिल्याच सकाळी मी एक करडी खार पाडली. हातात घेतली तर मादी होती, आणि सडांत दूध होतं. करड्या खारीची वर्षाला दोन वेतं होतात, त्यातलं दुसरं जुलै-ऑगस्टमध्ये. पिल्लं दोन-अडीच महिने आईच्या दुधावर असतात. त्या झाडाच्या ढोलीत मागे काय राहिलं हे मला पाहता आलं नाही, पण कळलं होतं. तेव्हापासून ऑक्टोबरच्या मध्याआधी मी बंदूक बाहेर काढलेली नाही.

दुसरं, ज्या दाट पानांचं तुम्ही कौतुक करताय त्याच पानांत जखमी खार हरवते. कानाने टिपून मारणं हे कौशल्य असेल, पण जनावर पूर्ण न दिसता चाप ओढणं मला बरोबर वाटत नाही.

तिसरं, बॉट फ्लाय नावाची माशी. ऑगस्ट-सप्टेंबरात खारीच्या कातडीखाली अंगठ्याच्या पेराएवढी अळी असते, बाहेरून गाठ आणि गाठीला भोक. ते एकदा पाहिलं की त्या दिवशी जेवण जात नाही.

ओझार्कवासी

चाप ओढण्याबद्दल आधी सांगतो. आवाज फक्त जागा सांगतो. खार पूर्ण दिसेपर्यंत मी बंदूक खांद्याला लावत नाही, आणि त्यापायी कितीतरी सकाळी रिकाम्या हाताने परतलो आहे.

खारींची संख्या शिकारीवर फारशी ठरत नाही. आदल्या शरदात ओक आणि हिकरीला किती फळ धरलं यावर ठरते. फळ बुडालं की पुढच्या वर्षी रान रिकामं, मग कोणी शिकार करो वा न करो. हंगामाच्या तारखा आमचा कॉन्झर्वेशन विभाग ठरवतो. १९३६ साली लोकांनी मतदान करून राज्यघटनेत बदल केला आणि हे काम राजकारण्यांच्या हातून काढून घेतलं, त्यातून हा विभाग उभा राहिला. त्याच्या अभ्यासावर माझा विश्वास आहे.

पण तुमच्या दुधाच्या सडांच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. संख्या टिकते म्हणून त्या एका ढोलीतलं दुःख कमी होत नाही.

तुळशीवृंदावन

लहानपणी आजीने सांगितलं होतं की रामाने पाठीवरून हात फिरवला म्हणून खारीच्या अंगावर पट्टे आले. "खारीचा वाटा" असं आपण रोज म्हणतो. त्या जिवाला मारून वाटणात शिजवायचं, हे वाचूनच मला भरून आलं. तिथल्या दुकानात कोंबडी मिळत नाही का?

ओझार्कवासी

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. आपल्याकडची पट्टेवाली खार आणि ही करडी खार वेगळ्या, हे सांगून मी सुटू पाहत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला वाटतं. भीमाशंकरला शेकरू पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले होते. इथे मात्र हे रानातलं अन्न आहे आणि बंदुका-काडतुसांवरच्या करातून रानं राखली जातात. १९३७ पासून तसा केंद्रीय कायदा आहे. मी खातो तेवढंच मारतो. आपलं एकमत होणार नाही, चालेल.

मटण बंद

धागा वाचून लॉग इन केलं. मी आर्कान्सामध्ये राहतो. आमच्याकडे हंगाम १५ मेलाच उघडतो आणि मी दरवर्षी जायचो. आता जात नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री आठ वाजता मटण-भाकरी जेवलो. एकच्या सुमारास अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, श्वास लागलेला. बायकोने इमर्जन्सीत नेलं. जेवण आणि त्रास यांत पाच तास गेल्यामुळे मटणाचा संशय कोणालाच आला नाही. असं तीनदा झालं. मग एका डॉक्टरांनी रक्ततपासणी केली आणि नाव कळलं: अल्फा-गॅल सिंड्रोम.

लोन स्टार नावाची गोचीड चावते. मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो, त्यावरून ती ओळखता येते. तिच्या लाळेतून एक साखर शरीरात जाते आणि शरीर त्या साखरेविरुद्ध उभं राहतं. तीच साखर गाय, बकरा, डुक्कर, हरीण आणि खार यांच्या मांसात असते. म्हणजे ज्या शिकारीसाठी मी रानात बसलो, तीच आता माझ्यासाठी विष आहे. कोंबडी आणि मासे चालतात. मला दूध आणि तूपही सोसत नाही. औषधाची जिलेटिन कॅप्सूल घेतानाही विचारावं लागतं. यावर औषध नाही. पुन्हा गोचीड चावली नाही तर काही जणांचं हळूहळू कमी होतं, म्हणून मी चावून घ्यायची जोखीम घेत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा २०२३ चा अंदाज आहे की ४,५०,००० पर्यंत लोकांना हे झालेलं असू शकतं.

ओझार्कवासी, तुमची शिस्त मीही पाळत होतो. एका सकाळी उशीर झाला आणि न फवारलेली जुनी पँट घालून गेलो. कमरेला दोन गोचिडी निघाल्या. ही शिस्त वर्षभर शंभर टक्के पाळली तरच उपयोगाची आहे, आणि माणसाकडून ते होत नाही. माझा सल्ला: थंडी पडेपर्यंत जाऊ नका.

ओझार्कवासी

वाचून वाईट वाटलं. पण लोन स्टार फक्त शिकाऱ्यालाच चावते असं नाही ना? गवत कापताना, बागेत, पोरांच्या कॅम्पला, सगळीकडे ती आहे. मग उन्हाळाभर घरात बसायचं का?

मटण बंद

गवत कापणारा माणूस चालता असतो. तुम्ही पालापाचोळ्यावर दोन तास हालचाल न करता बसता. लोन स्टार नुसती गवताच्या टोकावर वाट बघत बसणारी गोचीड नाही. श्वासाच्या वासाने ती तुमच्याकडे चालत येते. तुतीखाली शांत बसलेल्या माणसापर्यंत पोचायला तिला भरपूर वेळ मिळतो.

किडामुंगी

कीटकशास्त्र शिकलेय आणि कॅन्ससमध्ये काम करते. दोन्ही बाजूंच्या काही गोष्टी दुरुस्त करते.

पानगळ, फ्रॉस्टनंतर गोचीड संपतात असं समजून बसू नका. लोन स्टारचा जोर ओसरतो हे खरं. पण लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचे प्रौढ ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सर्वांत जास्त फिरतात, आणि पारा शून्याच्या थोडा वर गेला तरी जागे होतात. म्हणजे तुमच्या लाडक्या पानगळीतही पँट मोज्यात खोचावीच लागेल. तुम्ही खोचता का?

बॉट फ्लायची किळस समजते, पण ती अळी कातडीखाली असते, मांसात नाही. कातडी सोलली की तिच्याबरोबर निघते. बाकीचं मांस खायला हरकत नसते.

चिगरबद्दल अजून कोणी बोललं नाही. हे माइटचं (कोळ्याच्या वर्गातला बारीक जीव) पिल्लू, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतं. ते कातडीत शिरतं हा गैरसमज आहे, त्यामुळे चट्ट्यावर नेलपॉलिश लावून गुदमरवण्याचा उपाय व्यर्थ. ते रक्तही पीत नाही. लाळ सोडून कातडीचा थर विरघळवतं आणि तो शोषतं. खाज सुटते तोवर ते बहुतेकदा गळून पडलेलं असतं. मोज्यांचं इलॅस्टिक, पट्टा, गुडघ्यामागे, जिथे कपडा घट्ट तिथे जास्त. घरी येताच साबणाने चोळून आंघोळ हाच उपाय.

ओझार्कवासी, घरात मांजर असेल तर ओलं पर्मेथ्रिन तिच्यासाठी जीवघेणं आहे. कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. आणि गोचीड काढताना काडी पेटवून चटका देऊ नका, तेल लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आधी सांगा. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या गोचिडीमुळे होणाऱ्या तापात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लवकर सुरू होण्यावर जीव अवलंबून असतो.

काजूबागवाला

मी दोडामार्गचा. अमेरिकेतल्या खारीशी माझा संबंध नाही, पण गोचिडीशी आहे. २०१६ पासून आमच्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. त्याआधी वर्षभर पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात. मूळ रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला. माकड मेलेलं दिसलं की गावात भीती पसरते, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात.

आमची अडचण अशी की या तापाचा मोसम आणि काजूचा मोसम एकच. फेब्रुवारी ते मे. बी जमिनीवर पडते, ती पाल्यातून वेचावी लागते, वाकून, हाताने. आरोग्य खात्याने दिलेलं तेल हातापायांना लावून माणसं बागेत जातात. "थंडी पडेपर्यंत जाऊ नका" असं आम्हाला कोणी सांगू शकत नाही, कारण वर्षाचा पैसा तिथे पडलेला असतो. माझ्या बागेत काम करणारी एक बाई तीन आठवडे अंथरुणात होती. बरी झाली आणि पुढच्या मोसमात परत आली. न येऊन करणार काय?

म्हणून ओझार्कवासींना विचारतो. तुमच्यावर सक्ती नाही. दुकानात मांस मिळतं, हंगाम फेब्रुवारीपर्यंत चालतो. मग नेमके सर्वांत वाईट महिने का निवडता?

ओझार्कवासी

दादा, दोन दिवस या प्रश्नावर विचार केला. पोटासाठी जात नाही हे खरं आहे. जातो कारण जूनच्या त्या पहाटेसारखं मला इथे दुसरं काही आपलं वाटलेलं नाही. आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या तुतीखाली मी नोव्हेंबरात जाऊन काय करू? तेव्हा झाडावर तुतीही नसते आणि खारही नसते.

पण पानगळ आणि मटण बंद यांचं ऐकून एवढं ठरवलंय: जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर बंद. हिकरीचा तो आवाज मला फार आवडतो, तरीही. जूनमध्ये माद्या गाभण असू शकतात हे माहीत आहे, म्हणून नर ओळखता आला तरच गोळी. आणि जूनमध्ये चारच सकाळी जायचं.

पानगळ

नर ओळखायचा म्हणजे जवळून, दुर्बिणीतून आणि खार स्थिर असताना. दाट पानांत ते किती वेळा जमेल याची शंका आहे. मी माझ्या मतावर कायम आहे. किडामुंगी, मी पँट खोचत नव्हतो. या ऑक्टोबरपासून खोचेन.

मटण बंद

ओझार्कवासी, चार सकाळी जाणारच असाल तर पाल्यावर बसू नका. तिपाई स्टूल न्या, त्याच्या पायांवरही पर्मेथ्रिन फवारा, आणि खोडाला पाठ टेकू नका. पँटच्या दोन जोड्या फवारून दाराशी टांगून ठेवा, म्हणजे उशीर झाला तरी हाताला जुनी पँट लागणार नाही. माझ्या दाराशी तेव्हा एकच होती आणि ती धुवायला पडलेली होती.