पाणाड्याला मात्र अभय

'श्रद्धा खाजगी बाब आहे, कायद्याने त्यात नाक खुपसू नये' असं काहीजण म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण आपला महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाचाच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं हा गुन्हा, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. देव आहे की नाही, यावर कायदा चकार शब्द काढत नाही. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, घरची पूजा यांना धक्का लागणार नाही असं तर त्यात स्पष्टच लिहिलंय. तरी वर्षानुवर्षं 'वारी बंद पडणार' अशी आवई उठत राहिली आणि या कायद्याचा वटहुकूम निघाला तो त्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चार दिवसांत. मतांची भीती, दुसरं काय!

माझी तक्रार उलटी आहे. जोतिषी, वास्तूचे सल्लागार आणि (हसू नका) जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या, या सगळ्यांना त्याच कायद्याने सूट दिलीय. बोअर कोरडी गेली की कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर, आणि पाणाड्या दक्षिणा घेऊन पुढच्या शिवारात नारळ फिरवायला मोकळा.