दहा मीटरच्या सरावाला शिकारीची दुर्बीण लावू नका

वरळीचा नेमबाज
एअर रायफल घेणारा नवखा हमखास विचारतो, '3-9x40 स्कोप लावू का?' म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 40 मिमी असलेली दुर्बीण. माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

ही वस्तू शिकाऱ्यासाठी घडवलेली. त्याला झुंजुमुंजू उजेडात जनावर दिसायला हवं आणि झाडीत ते झटकन सापडायला हवं. तीन पटीवर तिच्यातून डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत 13 मिमी रुंद असतो, नऊ पटीवर साडेचार मिमीच्या आत. म्हणून शिकारी पट कमी ठेवतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तरी दुकानात हीच दुर्बीण पुढे केली जाते.

खरी अडचण पॅरालॅक्सची, म्हणजे डोळा हलला की दुर्बिणीतली नेमाची फुलीही लक्ष्यावरून हललेली दिसण्याची. अशा बहुतेक दुर्बिणी 100 यार्डांवर हा दोष राहू नये अशा कायमच्या जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर डोळा मध्यापासून सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकते. डोळा पार कडेला गेला तर 40 मिमी भिंगात ही चूक 18 मिमीपर्यंत जाऊ शकते. एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिमीचा आणि दोन वर्तुळांतलं अंतर अडीच मिमी. म्हणजे हात स्थिर असूनही सात गुण गेले!

शिवाय ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत भिंगाची साइट चालतच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं ते पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून बघायच्या बिनभिंगाच्या साइटवर.

ठाणेकर
अजिबात पटलं नाही. तुमचा राग पॅरालॅक्सवर आहे आणि शिक्षा सगळ्या दुर्बिणींना. पुढचं भिंग फिरवून दहा यार्डांपर्यंत पॅरालॅक्स जुळवता येणारे एओ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) स्कोप मिळतात. मग 18 मिमी कुठून आले?

आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांचं काय? ओपन साइटला मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशी तीन अंतरं. चष्मा एकालाच न्याय देतो. स्कोपमध्ये फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात. पदक नको असलेल्या माणसालाही नेमबाजीचा आनंद घेण्याचा हक्क आहे.

वरळीचा नेमबाज
एओ असेल तर पॅरालॅक्सचा आक्षेप मागे घेतो. डोळ्यांचा मुद्दा मात्र पटत नाही. पीपच्या बारीक छिद्रातून जवळचं-लांबचं दोन्ही बरंच स्पष्ट होतं, आणि नंबरचं भिंग नेमबाजाच्या चष्म्यात लावायला नियमांची आडकाठी नाही. साठीतले लोक पीपवर उत्तम मारतात.

डोंबिवलीची आई
मुलगी रायफल शिकते, म्हणून लिहिते. नऊ पटीवर स्वतःची थरथरही नऊ पट दिसते. फुली मधोमध आली रे आली की मुलं ट्रिगर हिसकतात, आणि ती खोड फार उशिरा सुटते. बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी स्कोप देणं मला अन्यायच वाटतो. आधी उभं राहणं, श्वास, गाल टेकवणं शिकू दे. स्पर्धांमध्ये ओपन साइटचा वेगळा गटही असतो.

फील्ड टार्गेटवाला
उलट! थरथर दिसली तरच ती कमी करता येते. पीपवर ती लपते, जात नाही. पट चारवर आणा, हिसकणं थांबेल.

आणि नेमबाजी म्हणजे फक्त दहा मीटर का? फील्ड टार्गेटमध्ये लोखंडी लक्ष्यं साधारण 50 मीटरपर्यंत ठेवतात आणि अंतर सांगत नाहीत. तिथे स्कोपचं पॅरालॅक्स जुळवायचं चाक फिरवून चित्र स्पष्ट होईल तो आकडा वाचायचा, तेच अंतर. ज्या पॅरालॅक्सला इथे शिव्या पडताहेत, तोच तिथे मोजपट्टी होतो. सरकत्या लक्ष्याचा प्रकार 2004 पर्यंत ऑलिंपिकमध्ये होता, त्यातही दुर्बीण चालायची.

परळचा दुरुस्तीवाला
वाद चालू द्या, पण दोन गोष्टी कुणी बोललं नाही. पहिली, ब्रेक बॅरल स्प्रिंग रायफल, म्हणजे नळी वाकवून आतली स्प्रिंग दाबायची एअर रायफल. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे येतो. काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेले स्कोप मागचा धक्का झेलतात, पुढच्याने आतली फुली सैल होते. स्प्रिंगसाठी बनवलेलाच स्कोप घ्या, नाहीतर दोष रायफलला देत बसाल.

दुसरी, आपला पावसाळा. नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप नसेल तर आतून धुकं धरतं. फोमच्या बंद पेटीत जुलैभर ठेवलात तर भिंगावर बुरशी येते, आणि ती कोटिंग खाते. पेटीत सिलिका जेल ठेवा, दर आठवड्याला उघडून हवा लागू द्या.

ठाणेकर
हे शंभर टक्के मान्य. पण एओ स्कोप मी काढणार नाही.

वरळीचा नेमबाज
तुम्ही काढू नका, तुम्हाला काय हवंय ते माहीत आहे. मी सांगतोय ते नवख्याला: स्कोपचे पैसे आधी चांगल्या पेलेट्सवर (छर्‍यांवर) आणि रेंजच्या फीवर घाल. सहा महिन्यांनी पुन्हा विचार, तेव्हा एओ की पीप यावर बोलू.