आयव्हीएफ: मिरज करावं की पुणं? बजेट दीड लाख, सल्ला पाहिजे (तासगाव)

बागायतीण_तासगाव
नमस्कार. माझं वय ३३, मिस्टर ३७, लग्नाला पाच वर्षं झाली. दीड एकर द्राक्षबाग आहे, सोसायटीचं कर्ज आहे. आतापर्यंत माझी सोनोग्राफी, थायरॉईड, एएमएच (अंड्यांचा साठा बघायची रक्ततपासणी) आणि ट्यूबचा एक्सरे म्हणजे एचएसजी एवढं झालंय. एएमएच १.३ आलाय. एचएसजीत उजवी ट्यूब बंद आहे म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या आता वेळ घालवू नका, आयव्हीएफचा म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करा. घरात कुणालाच सांगितलेलं नाही, थायरॉईडला दाखवायला जाते म्हणून सांगते. हातात जास्तीत जास्त दीड लाख होतील, तेही काही आत्ता आणि बाकीचे बेदाणा विकल्यावर. सरकारी काही सोय आहे का? नसेल तर मिरज-सांगलीत करावं की पुण्यात? आणि किती वेळा जावं लागतं? ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात आहे, डाऊनी रोगाच्या भीतीनं ह्यांना रोज औषध मारायला लागतंय, त्यामुळं ह्यांना सारखं येता येणार नाही. नवस आणि उपास कृपया सांगू नका, ते सगळे करून झालेत.

पलूस_टू_पुणे
ताई डोळे झाकून पुण्याला जा. आम्ही दोन सायकल केल्या, म्हणजे दोनदा आयव्हीएफ, तीन लाख ऐंशी हजार गेले, बहिणीकडं राहिलो म्हणून खोलीभाडं वाचलं नाहीतर चारच्या वर गेलं असतं. पण मुलगी झाली, आता तीन वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. पैशाकडं बघू नका, पैसा परत मिळतो. इथं आपल्याकडं मशिनरी तशी नसते.

बागायतीण_तासगाव
दादा अभिनंदन, पण दीड लाख म्हणजे दीडच आहेत हो.

मिरजेचा_लॅबवाला
मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली, आता रिटायर आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या चार तपासण्या झाल्या आणि मिस्टरांची एकही नाही. हे मी आयुष्यभर बघत आलोय, बाईची सगळी रक्तं काढून होतात, एक्सरेला कळा सोसून होतं आणि पुरुषाची सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त तपासणी शेवटाला. आधी वीर्य तपासणी करा, उद्याच करा. आधी दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं असतं. शक्यतो लॅबमध्येच द्यावं, नाहीच जमलं तर अर्ध्या ते एक तासात पोचवायचं आणि अंगाच्या उबेला आणायचं, शर्टाच्या आतल्या खिशात. एकदा एक भाऊ जत तालुक्यातून दुधाच्या कॅनमध्ये बर्फ घालून त्यात डबी ठेवून घेऊन आले होते. तीन तासांचा प्रवास, सगळं निर्जीव झालेलं. बिचारे खाली मान घालून बसले, त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आताच्या हिशोबानं एका मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि एकूण हालचाल ४२ टक्के ही खालची मर्यादा धरतात. त्याच्या खाली आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. एका रिपोर्टवर काहीच ठरवायचं नाही, नवीन शुक्राणू तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात म्हणून अडीच-तीन महिन्यांनी परत करायचं.

विट्याचा_तालीमवाला
लॅबवाल्या काकांचं खरं आहे. माझं सांगतो, लाज सोडून सांगतो कारण कुणाचं तरी भलं व्हावं. मी जिममध्ये दोन वर्षं इंजेक्शनं घेतली, अंग बनवायची, टेस्टोस्टेरॉनची. लग्नानंतर दोन वर्षं बायकोलाच दवाखान्यात फिरवलं, आमच्या आईनं तिला नको नको ते ऐकवलं, आणि माझा रिपोर्ट केला तर शून्य. शून्य म्हणजे एकपण नाही. डॉक्टरनं विचारलं इंजेक्शन घेता का, तेव्हा कळलं बाहेरून हे घेतलं की शरीर आतलं बनवणं बंद करतं. बंद केली, गोळ्या दिल्या, नऊ-दहा महिन्यांनी काऊंट परत आला आणि काहीही न करता दिवस राहिले. तालमीतल्या पोरांना मी आता प्रत्येकाला सांगतो. त्यातलं काही चालू असलं तर वहिनींना अंधारात ठेवू नका म्हणावं दादांना.

साताऱ्याची_लेक
सरकारी म्हणाल तर ऐका, मी यात लई हेलपाटे घातलेत. आयुष्मान कार्डात वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत, त्यात ते वगळलेलेच आहेत. मेडिक्लेम असला तर त्यातही बहुतेक पॉलिसीत वंध्यत्व वगळलेलं असतं, बारीक अक्षरात असतं, मी भिंग घेऊन वाचलंय. कुणाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असली तर त्यात कधी कधी असतं, ते एचआरला विचारायचं. मुंबईत कामा हॉस्पिटलमध्ये सरकारी आयव्हीएफ सेंटर झालंय आणि गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला २०२३ पासून मोफत करतात. तुम्हाला तासगावातून गोवा मुंबईपेक्षा जवळ, पण बाहेरच्या राज्यातल्यांना घेतात का ते फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. बाकी रक्तं, सोनोग्राफी, मिस्टरांची तपासणी एवढं सिव्हिलमध्ये विचारा, केसपेपर काढून स्वस्तात होतं. रांग असते, सकाळी आठला जा. आणि फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करा, ते सरकारी दवाखान्यात मिळतं.

कऱ्हाडचे_काका
मी वडीलकीच्या नात्यानं सांगतो, घाई करू नका. आमच्या भावकीत अकरा वर्षांनी मूल झालं, काही न करता. ही काचेच्या नळीतली मुलं नाजूक निघतात असं ऐकलंय, पुढं त्यांना मुलं होतील का हाही प्रश्नच आहे.

साताऱ्याची_लेक
काका, माफ करा पण हे चुकीचं आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आयव्हीएफनं जी मुलगी झाली, हर्षा, ती २०१६ ला स्वतः आई झाली, डिलिव्हरीला परत डॉ. हिंदुजाच होत्या. आणि नळी वगैरे काही नसते, अंडं आणि शुक्राणू बाहेर एकत्र करतात, तीन किंवा पाच दिवस ठेवतात आणि पोटातच सोडतात. पुढचे नऊ महिने सगळ्यांसारखेच.

वाई_वाचनालय
दुरुस्ती. भारतातलं पहिलं आयव्हीएफ बाळ हर्षा नव्हे, कोलकात्याची दुर्गा, ३ ऑक्टोबर १९७८. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी केलं होतं, जगातलं पहिलं असं बाळ, इंग्लंडची लुईस ब्राऊन, हिच्यानंतर फक्त ७० दिवसांनी. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, १९८१ ला ते गेले.

साताऱ्याची_लेक
माहिती आहे मला, मी पहिलं म्हटलेलंच नाही.

वाई_वाचनालय
लोक नेहमी हर्षालाच पहिली म्हणतात म्हणून लिहिलं. केईएमच्या कामातले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढं मुखोपाध्यायांच्या वह्या वाचून पहिल्याचा मान त्यांचा आहे असं जाहीर सांगितलं. एवढ्या मोठ्या मनाची गोष्ट आपल्याकडं कुणाला माहीत नसते याचं वाईट वाटतं.

कऱ्हाडचे_काका
बरं, नाजूक म्हटलेलं मागं घेतो. घाई करू नका हे मात्र कायम.

जतची_सून
काका, बाईचं वय ३३ आणि एएमएच १.३, अजून किती थांबायचं? ताई, एएमएच म्हणजे अंडी किती उरलीत त्याचा अंदाज, ती कशी आहेत ते त्यात कळत नाही, त्यामुळं आकडा बघून रडू नका, पण वर्ष वर्ष घालवू पण नका. मला तुमचं दुसरंच विचारायचंय. ट्यूब नुसती बंद आहे की पाणी भरून फुगलीय? रिपोर्टवर हायड्रोसाल्पिंक्स असा शब्द आहे का बघा. माझं हेच झालं होतं. त्या पाण्यासकट माझं आयव्हीएफ केलं, एक लाख ऐंशी हजार गेले, रिझल्ट निगेटिव्ह. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की ते पाणी उलटं पिशवीत उतरतं आणि गर्भ टिकत नाही, यश जवळजवळ निम्म्यावर येतं, आधी ट्यूब काढायची किंवा क्लिप लावून बंद करायची असते. आणि दुर्बिणीत माझा टीबी निघाला. खोकला नाही, ताप नाही, वजन कमी नाही, नुसता पिशवीचा आणि ट्यूबचा टीबी. सहा महिने गोळ्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. पहिल्या डॉक्टरांनी ट्यूबकडं बघितलंच नाही याचा राग माझा अजून गेलेला नाही.

बागायतीण_तासगाव
ताई, आत्ताच कपाटातून फाईल काढली. उजव्या बाजूपुढं तोच शब्द लिहिलाय. मला कुणी याचा अर्थ सांगितला नव्हता. हात गार पडलेत.

जतची_सून
घाबरू नका. आधी कळलं हे लई चांगलं झालं. टीबीची तपासणी करून घ्याच.

पलूस_टू_पुणे
म्हणूनच म्हणतोय पुणे. तिकडं हे सगळं पहिल्याच दिवशी बघतात.

आटपाडीची_मास्तरीण
पुण्यात पण बघितलं नाही तर नाही बघत, माणसावर असतं. मी सांगलीत केलं आणि मला जुळी झाली, त्यामुळं इथं होत नाही असं कुणी म्हणू नये. ताई, जाण्यायेण्याचा हिशोब देते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू होतात, साधारण दहा-बारा दिवस रोज, पोटात स्वतः टोचायला शिकवतात. मधे चार-पाच वेळा सोनोग्राफी, तीही एक दिवसाआड, आदल्या दिवशी सांगतात उद्या या. हे पुण्याला सव्वादोनशे किलोमीटर कसं करणार? मिस्टर फक्त अंडी काढायच्या दिवशी लागतात, त्यांचं सॅम्पल आधी साठवून ठेवलं तर तेव्हाही नाही. इंजेक्शनं मी एसटीनं नेली, जेवणाच्या डब्यात खाली बर्फाची पिशवी, वर फडकं, फडक्यावर औषध. बर्फाला थेट लागू द्यायचं नाही, गोठलं की वाया. आणि शेवटचं ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्की करायचं इंजेक्शन घड्याळ लावून. आम्हाला रात्री साडेदहा सांगितलं होतं, नणंदेच्या हळदीला गेलो आणि साडेबाराला घेतलं. मी भीत भीत खरं सांगितलं म्हणून डॉक्टरांनी अंडी काढायची वेळ पुढं घेतली, ते ३४ ते ३६ तासांत बसवावं लागतं. लपवलं असतं तर सगळं पाण्यात.

पैशाचं कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगताना नव्वद हजार सांगतात आणि इंजेक्शनं वेगळी, भूल वेगळी, इक्सी (एकेक शुक्राणू सुईनं अंड्यात सोडणं) वेगळी, गर्भ गोठवून ठेवायचं म्हणजे फ्रीजिंग वेगळं, पुढं ठेवायचं भाडं वेगळं. प्रत्येकाचा आकडा विचारा. २०२१ चा कायदा आहे, सेंटरची नोंदणी असावीच लागते, सर्टिफिकेट भिंतीवर बघा. फ्रीज मात्र करू नका, ताजा गर्भच चांगला, माझा ताजाच होता.

साताऱ्याची_लेक
फ्रीज केलेलं पण चांगलं होतं, माझ्या मावसबहिणीचं झालंय. पीसीओडीवाल्यांना तर मुद्दाम फ्रीज करायला सांगतात, अंडी जास्त आली की पोट फुगून त्रास होतो म्हणून.

पलूस_टू_पुणे
आमचं पण ताजंच होतं. फ्रीजवर माझा विश्वास नाही.

विट्याचा_तालीमवाला
दादांचा रिपोर्ट आला का?

बागायतीण_तासगाव
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना वाट बघायला लावली.

ह्यांना सांगायला मला चार दिवस लागले. मला वाटलं चिडतील. हे म्हणाले, तू एक्सरेच्या वेळी टेबलावर कळवळत होतीस तेव्हाच कुणी मला सांगायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे औषध मारून, आंघोळ करून सांगलीला सिव्हिलला गेले. काऊंट २ कोटी २० लाख, हालचाल २८ टक्के. तंबाखू सोडलीय, आज अठरावा दिवस. फवारणीला मास्क आणि हातमोजे घालायला लागलेत. इक्सी करावं लागेल म्हणाले, पण त्यानं होईल.

टीबीची तपासणी निगेटिव्ह आली. जतच्या ताई, तुमच्यामुळं झाली ती.

आता ठरलंय ते सांगते, तुम्हाला कुणालाच पटणार नाही. मिरजेतच करतोय. लहान सेंटर आहे, नोंदणीचं सर्टिफिकेट बघितलं, डॉक्टरीणबाईंनी फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि हायड्रोसाल्पिंक्स हा शब्द मी सांगायच्या आधी त्यांनीच काढला. त्यांचं म्हणणं, एएमएच कमी आहे म्हणून अंडी आत्ता काढून घेऊ, गर्भ तयार करून फ्रीज करू. मग ट्यूब दुर्बिणीतून बंद करायची, ती मी सिव्हिलला करणार. आणि गर्भ सोडायचा एप्रिल छाटणी उरकल्यावर, मे महिन्यात, तोपर्यंत बेदाण्याचे पैसेही येतील. आत्ता इंजेक्शनासकट एक लाख पाच हजार, नंतर चाळीस हजार, लिहून दिलंय. लॅबवाले काका, तुम्ही तीन महिने थांबून रिपोर्ट परत करा म्हणालात, ते मला पटतं, पण माझ्या अंड्यांना तीन महिने मी देणार नाही. फ्रीज नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, माझी ट्यूब आत्ता पाण्यानं भरलेली आहे, ताजा गर्भ अशा वेळी सोडून मला वाया घालवायचा नाही.

घरात पण सांगून टाकलं. सांगावंच लागलं, औषधाचा खोका फ्रीजमध्ये ठेवायला गेले तर सासूबाई तिथंच उभ्या. काय आहे विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दह्याचं भांडं आणि कोथिंबीर खालच्या कप्प्यात सरकवली आणि खोक्याला जागा करून दिली. पहिलं इंजेक्शन आज रात्री नऊला आहे.

पलूस_टू_पुणे
ठरवलंच आहे तर होऊ दे सगळं नीट. माझं मत पुणेच, पण वहिनी, काही लागलं तर सांगा, मी आठवड्याला मिरजेला येतो.

जतची_सून
नऊ वाजता आठवण ठेवते तुमची.

मिरजेचा_लॅबवाला
पटलं मला तुमचं, बरोबर ठरवलंत. खोका मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरच्या खाली लगेच नको आणि दारातही नको, दार उघडझाक होतं. दोन ते आठ डिग्री लागतं. तुमच्याकडं लाईट जाते ना, बर्फाच्या दोन पिशव्या आजच फ्रीजरला लावून ठेवा, आणि चार तासांच्या वर गेली तर खोका फडक्यात गुंडाळून बर्फाच्या डब्यात.

बागायतीण_तासगाव
आत्ताच गेलीय काका. पिशव्या लावलेल्या आहेत, डबा पण काढून ठेवलाय.