खालचं घर तयार, वरचं अर्धवट – तात्पुरता भोगवटा मिळते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण पूर्ण सांगितल्याशिवाय समजणार नाही म्हणून सगळंच टाकतो.

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पहिले ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. एनए लेआउटमध्ये 1500 फुटाचा प्लॉट, नगरपंचायतीची बांधकाम परवानगी रीतसर घेतलेली, नकाशा तळमजला अन् वर एक मजला असा मंजूर आहे. खालचं 900 फूट पूर्ण झालं, टाइल्स बसल्या, नळ आला, सेप्टिक टँक झाली, किचनचा ओटा पण लागला. वरती स्लॅब पडला, विटा कमरेएवढ्या चढल्या अन् तिथंच काम थांबलं. कारण पैसा, दुसरं काय. यंदा कापसाची पहिली वेचणी पावसात गेली, अन् बँकेने लोनचा शेवटचा हप्ता अडवून ठेवला, म्हणते भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायले तयार आहे असा नगरपंचायतीचा कागद) आणा मग सोडतो.

नगरपंचायतीत गेलो तं तिथले साहेब म्हणाले अर्ध्या बिल्डिंगला भोगवटा देता येत नाही, वरचं पूर्ण करा अन् मग या. म्हणजे वरचं बांधायले पैसा पाहिजे, पैशाले भोगवटा पाहिजे, अन् भोगवट्याले वरचं बांधलेलं पाहिजे. तीन चकरा झाल्या, दर वेळी तेच उत्तर, तेही तोंडी.

त्यात भाड्याचं घर महिनाभरात खाली करायचं आहे, मालकाच्या पोराचं लग्न ठरलं, त्यायचंही बरोबर आहे. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते रोज संध्याकाळी नवीन घरी जाऊन ओट्यावर बसतात अन् विचारतात, कधी येऊन राहायचं रे. मी म्हणतो येऊ लवकरच.

माझा आतेभाऊ न्यूयॉर्कला असते, तो म्हणाला तिकडे पूर्ण काम व्हायच्या आधी तात्पुरतं सर्टिफिकेट देतात, सहसा 90 दिवसांचं, संपलं की पुन्हा रिन्यू करायचं, तोवर लोक राहतात. आपल्याकडे असं काही आहे का? का साहेब म्हणतात तेच खरं? अन् मी तसाच राहायला गेलो तं काय होईल? आमच्या लेआउटमध्ये अर्धी घरं तशीच आहेत, कोणाले काही झालेलं दिसत नाही, पण मला लोनचा हप्ता पाहिजे म्हणून कागद लागतोच.

लाइट सध्या बांधकामाच्या टेम्पररी मीटरवर आहे, त्याचा रेट घरगुतीपेक्षा जास्त पडते, तोही ताप आहे. कोणाले अनुभव असेल तं सांगा राजेहो.

प्रतिसाद १

भाऊ, मी साइटवरचा माणूस, वीस वर्षांपासून हेच करून राहिलो. 'तात्पुरता भोगवटा' म्हणून अर्ज दिला तं तो परतच येणार. आपल्या नियमात शब्द आहे 'अंशतः भोगवटा', काही लोक पार्ट ओसी म्हणतात. डिसेंबर 2020 मध्ये युनिफाइड डीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) लागू झाली, नगरपंचायतीले तीच लागते, अन् त्यात पूर्ण काम व्हायच्या आधी बिल्डिंगच्या एखाद्या भागाले अंशतः भोगवटा देता येईल असं स्पष्ट लिहून आहे. 'देता येईल', म्हणजे द्यायलाच पाहिजे असं नाही, हे पण ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कसारखी 90 दिवसांची भानगड नाही, तुम्ही मुदत नाही मागत, भाग मागून राहिले.

दोन गोष्टी पाहतात. एक, राहणाऱ्या माणसाच्या जिवाले अन् आरोग्याले धोका नको. दुसरं, नियमावलीतल्या ठरलेल्या नमुन्यात हमीपत्र, म्हणजे काही झालं तं जबाबदारी मालकाची, नगरपंचायतीची नाही. ते स्टॅम्पवर करून घ्या. खालच्या भागाचा पूर्णत्वाचा दाखला तुमच्या लायसनवाल्या इंजिनीअरच्या सहीनं द्या. अन् मंजूर नकाशावर खालचा भाग रंगवून जोडा, कोणता भाग मागतो ते दिसलं पाहिजे. लोक हे विसरतात अन् मग साहेबाले बोलायले जागा मिळते.

तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. अर्ज आवक-जावकले द्या, पोच घ्या. नाही म्हणायचं असेल तं लेखी कारण द्या म्हणा. भोगवटा प्रमाणपत्र लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये येते, नामंजूर झालं का मुदत निघून गेली तं 30 दिवसांत पहिलं अपील करता येते. माझा अनुभव सांगतो, लेखी मागितलं की निम्म्या वेळा अपीलाची गरजच पडत नाही.

मीटरचं वेगळं आहे. 2003 च्या वीज कायद्यात कलम 43 आहे, मालक असो का तिथं राहणारा, अर्ज केला तं कनेक्शन द्यायची जबाबदारी वीज कंपनीची. टॅक्स पावती अन् मालकीचा कागद घेऊन घरगुतीसाठी अर्ज टाका, भोगवट्याचा कागद लागते का ते पहिले त्यायले विचारून घ्या. पण घरटॅक्स लागला, मीटर आलं, म्हणजे घर रेग्युलर झालं असं समजू नका. बँक त्याच्याकडे पाहणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं पण एक गोष्ट राहिली. परवानगी कधीची आहे? नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 48 प्रमाणे पहिले एक वर्ष, मग वर्षावर्षानं वाढवून घ्या, पण वाढ जास्तीत जास्त तीन वर्षांचीच. काम मुदतीत जोत्याच्या वर आलेलं असेल तं परवानगी चालू राहते, नाही तं पुन्हा सगळं पहिल्यापासून, म्हणून तारखा एकदा तपासून घ्या.

माझ्या घरी हेच झालं होतं. मी सरळ सुधारित नकाशा टाकला, वरचा मजला काढून टाकला, फक्त तळमजला मंजूर करून घेतला अन् त्याचा पूर्ण भोगवटा घेतला. वरच्यासाठी नंतर नवीन परवानगी. फी दोनदा गेली, पण बँकवाल्यानं अंशतः म्हटल्यावर कपाळाले आठ्या घातल्या होत्या, पूर्ण पाहिल्यावर हप्ता सोडला. तुमच्या कमरेएवढ्या विटांचं मात्र काहीतरी करावं लागेल, त्या नव्या नकाशात दिसणार नाहीत. पहिले बँकेत जाऊन लेखी विचारा की अंशतः चालते का, अन् मग ठरवा.

धागा टाकणारा

दोघांचेही लय आभार. परवानगीले सव्वा वर्ष झालं, पहिली वाढ घेतलेली आहे, म्हणजे मुदत आहे. बँकेत सोमवारी जातो अन् लेखीच मागतो. विटा उतरवायच्या म्हटलं तं बाबांले सांगायची हिंमत होत नाही, त्या त्यायनं उभं राहून रचून घेतल्या. म्हणून पहिले अंशतःचाच अर्ज टाकतो.

एकच अडचण. जिना हॉलमधूनच वर जाते, अजून रेलिंग नाही, वर कॉलमच्या सळाखी उघड्या आहेत अन् लहान पोरगी सारखी तिकडेच धावते. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार लावून कुलूप घातलं अन् फोटो जोडले तं चालते का, का पक्की भिंतच लागते?