मदत हवी आहे : तिलापियाला लसूण लावलेलं खाद्य सलग द्यावं की मध्ये खंड घेऊन?

तळ्यात तिलापिया आहे, एकेक मासा साधारण 150 ग्रॅमचा. मागच्या खेपेला पोटाखाली लाल चट्टे, फुगलेलं पोट आणि उभे राहिलेले खवले दिसले. तपासणीत एरोमोनास हायड्रोफिला हा रोगजंतू (जिवाणू) निघाला. या वेळी रोग यायच्या आधीच माशांची प्रतिकारशक्ती वाढवायची आहे. अँटिबायोटिक शक्यतो टाळायचंच आहे.

किलोभर खाद्याला 10 ग्रॅम ताजा लसूण घेतो. ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवतो, कारण ठेचल्यावरच त्यात अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणातलं जंतुनाशक द्रव्य, तयार होतं. मग थोड्या तेलात कालवून दाण्यांना चोळतो आणि सावलीत सुकवतो. ऊन किंवा आच लागू देत नाही. पहिले दोन दिवस मासे दाणा तोंडात घेऊन परत टाकत होते, आता नीट खातात. आज एकविसावा दिवस. मर नाही, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर आहे, अमोनियाही तपासतो. त्यामुळे पाणी ठीक वाटतं.

अडचण अशी की दाणे पाण्यात पडताच तेलाचा तवंग पसरतो. म्हणजे निम्मा लसूण तिथेच धुऊन जात असावा. दाणे पाडायचं यंत्र नाही, त्यामुळे लसूण पिठातच मळणं शक्य नाही.

अशी प्रतिकारशक्ती वाढवणारी खाद्यं फार दिवस सलग दिली की परिणाम ओसरतो असं वाचलंय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा : किती दिवस देऊन किती दिवस थांबता? आणि तेलाऐवजी जिलेटिन किंवा स्टार्चची खळ वापरली तर लेप पाण्यात टिकतो का?