वेडनेसडेमधलं 'वेड' आणि ओडिन-थॉर मंडळींची नावं

शाळेत स्पेलिंग पाठ करताना 'वेड-नेस-डे' असं घोकलं नाही असा मराठी माणूस विरळाच. आता कुठेतरी वाचलं की हा वार वोडेन म्हणजे ओडिन या उत्तर युरोपातल्या जुन्या देवाचा आणि जुन्या इंग्रजीत 'वोड' म्हणजे चक्क वेडा! मग हे आपलंच वेड का? आणि वोडेन, वोटान, ओडिन हे जर एकच तर नावं इतकी वेगळी कशी? थॉर आणि बाकीच्यांचंही जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद –
वेडाचं आधी निकालात काढतो, निव्वळ योगायोग आहे. जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, स्कँडिनेव्हियन वगैरे) भाषांत जिथे असा 'द/ड' दिसतो तिथे बऱ्याचदा मागे मूळचा 'त' असतो, इथेही तसंच आहे, लॅटिनमध्ये याचा भाऊबंद आहे 'वातेस' म्हणजे द्रष्टा, कवी. त्यामुळे आपल्या मूर्धन्य 'ड'शी सोयरीक जुळत नाही. अर्थ मात्र खरा आहे हां. जर्मनमध्ये राग, संताप याला आजही 'वूट' म्हणतात तो हाच शब्द, आणि ११व्या शतकात ब्रेमेनच्या आडाम या जर्मन इतिहासकाराने लॅटिनमध्ये लिहूनच ठेवलंय की वोडान म्हणजे उन्माद. अंगात येतं ना आपल्याकडे, तसला उन्माद, नुसता राग नव्हे.

आता नावं. मूळ रूप 'वोदनाझ' असं मानतात. इंग्लंडमध्ये वोडेन, जुन्या जर्मनमध्ये वुओटान आणि नॉर्समध्ये (जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत) ओडिन, कारण नॉर्स लोकांनी उ-ओच्या आधीचा 'व' गिळून टाकला. इंग्रजी 'वुल्फ' तिकडे 'उल्फ', 'वर्ड' तिकडे 'ओर्द', तसाच वोडेनचा ओडिन. हे गिळणं उशिरा झालं याचा पुरावा पण आहे, डेन्मार्कमध्ये विंडेलेव्ह इथे २०२० मध्ये सोन्याचा साठा सापडला त्यातल्या ५व्या शतकातल्या एका चकतीवर रून या जुन्या जर्मानिक लिपीत 'तो ओडिनचा माणूस' असं कोरलंय (वाचन २०२३ मध्ये जाहीर झालं) आणि तिथे देवाच्या नावात 'व' अजून शाबूत आहे.

प्रतिसाद –
मस्त! पण वेन्सडे म्हणजे बुधवार, मग वोडेन म्हणजे बुधच ना? मी तर वोडेन म्हणजे बुद्ध असंही ऐकलंय.

प्रतिसाद –
ते 'बुद्ध' प्रकरण जुनं आहे आणि गंमत म्हणजे संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याचं आहे. १७८६ च्या ज्या भाषणात त्याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्या असणार असं म्हटलं त्याच भाषणात ओडिन म्हणजे बुद्ध असंही ठोकून दिलं. पहिलं टिकलं, दुसरं साफ पडलं.

बुधाचं असं आहे की वारांची नावं ही ध्वनीने नाही तर अदलाबदलीने आली. रोमन लोकांचे वार ग्रहांचे, मार्स, मर्क्युरी, ज्युपिटर, व्हीनस. जर्मानिक लोकांनी त्या जागी आपापले देव बसवले: टीव (नॉर्समध्ये टिर), वोडेन, थॉर, आणि फ्रिग ही देवी. आपल्याकडे तीच ग्रहमाला ग्रीक ज्योतिषाबरोबर आली आणि मंगळ, बुध, गुरु, शुक्र बसले. मध्य प्रदेशात एरणला इ.स. ४८४ चा शिलालेख आहे त्यात 'सुरगुरूचा दिवस' म्हणजे गुरुवार येतो. म्हणजे वोडेन आणि बुध हे शब्दाने कोणीच लागत नाहीत एकमेकांचे, दोघेही मर्क्युरीच्या खुर्चीत बसलेत एवढंच.

खरे नातेवाईक दुसरीकडे आहेत आणि मला विचाराल तर तेच जास्त इंटरेस्टिंग. जर्मानिक भाषांत व्यंजनं कशी बदलली ते सांगणारा ग्रिमचा नियम लावा: आपला प तिकडे फ, त तिकडे थ, द तिकडे ट (पितृ-फादर, त्रि-थ्री, दश-टेन). मग फ्रिग म्हणजे सरळ 'प्रिया'! फ्रेंड पण त्याच धातूतला. थॉर म्हणजे 'थुन्राझ', गडगडाट, इंग्रजी थंडर आणि जर्मन डोनार तेच, आणि आपल्याकडे ऋग्वेदात गर्जणाऱ्या मेघासाठी 'स्तनयित्नु' येतो त्यातला स्तन् धातू. नॉर्सने 'र'च्या आधीचा 'न' खाल्ला म्हणून थॉर.

प्रतिसाद –
आणि ट्यूसडेवाला टिर म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, वेदांतला आकाशदेव द्यौ, बरोबर?

प्रतिसाद –
जवळ आलात, पण एक घर चुकलं. टिरचं मूळ 'तीवाझ', ते द्यौचं नाही तर 'देव'चं भावंड आहे. (दोन्ही मुळात एकाच 'चमकणे'मधून, मान्य.) नॉर्स कवितेत 'तीवार' असं अनेकवचन येतं त्याचा अर्थच देवमंडळी. म्हणजे या बाप्याचं नाव नुसतंच 'देव'! जर्मनमध्ये त-चा त्स होतो, त्यामुळे तिकडे तो 'त्सिऊ', स्विस जर्मन लोक मंगळवारला अजून 'त्सीश्टिग' म्हणतात. प्रमाण जर्मन 'डीन्सटाग' मात्र 'थिंग' म्हणजे सभेवरून आलाय. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीपाशी रोमन फौजेतल्या जर्मानिक शिपायांनी 'मार्स थिंक्सुस'ला वाहिलेला शिलालेख आहे, तोच हा सभेचा देव.

जाता जाता, फ्रायडे फ्रेयाचा असं नेटवर भरपूर लिहिलेलं असतं, ते नाही. फ्रेया म्हणजे 'बाईसाहेब', जर्मन 'फ्राउ'ची बहीण. वार फ्रिगचा.

प्रतिसाद –
आणि शनिवार कोणाचा?

प्रतिसाद –
इंग्रजांनी सॅटर्न तसाच ठेवला, जर्मनांचा 'झाम्सटाग' सब्बाथ म्हणजे ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या वारावरून, आणि नॉर्स लोकांनी देवबिव काही न बघता 'लौगरदागर' म्हणजे आंघोळीचा वार करून टाकला. आइसलँडमध्ये आजही तोच चालतो, उलट ओडिन, थॉर, टिर, फ्रिग हे चौघे तिथे वारांतून हद्दपार आहेत, तिकडे मंगळवार म्हणजे नुसता 'तिसरा दिवस' आणि शुक्रवार म्हणजे 'उपासाचा दिवस'.