जमिनीखाली असलं म्हणजे मूळच असं नाही

वर कोणीतरी लिहिलंय की जमिनीत वाढतं ते सगळं मूळच, तर तसं नाहीये. बटाट्याचे डोळे नीट बघा, प्रत्येक डोळ्यात कोंब असतो आणि ते डोळे बटाट्याभोवती गोल फिरत गेलेले असतात, फांदीवर पानं येतात ना अगदी तसेच, म्हणजे बटाटा हे फुगलेलं खोड. रताळ्याला असे डोळे नसतात, ते खरंखुरं मूळ, म्हणून तर पावसाळ्यात रताळ्याच्या वेलाचे तुकडे लावतात. आलं, हळद पण खोडच, पेरं बोटाने मोजता येतात.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो सुरण. आमच्याकडे रत्नागिरीला आई लावायचा सुरण कापते तेव्हा वरच्या खळग्यातला जो मोठा कोंब असतो त्याचा थोडा तरी भाग प्रत्येक फोडीला राहील असंच बघते, लहानपणी मला वाटायचं उगाच एवढी काळजी, पण खोड आहे म्हटल्यावर कोंबाशिवाय ते सहज फुटणार कसं!

आणि करांदे आठवा, ते तर जमिनीच्या वर, वेलाला पानाच्या बेचक्यात लागतात, तिथे येतं ते मूळ कसं असेल? कांद्याचं अजून वेगळं, आपण खातो ती पानांची जाड झालेली बुडं, खोड म्हणजे मुळांच्या वरची ती चपटी चकती, जी आपण चिरताना कापून टाकतो.